अकराशे जणांचा दाखला

घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि ते उगाच नव्हे. जेवताजेवता तीनदा उठून गॅस बंद केलाय का ते बघणार. बस यायला उशीर झाला की पुढच्या थांब्यापर्यंत चालत निघणार, आणि दोन थांब्यांच्या बरोबर मध्ये असताना बस शेजारून निघून जाणार. अशा बाईला नोकरी मिळाली ती दिवसभर खुर्चीत बसून मोजत राहायची. आता बोला!

मोजायचं काय, तर पेपर. एका मोठ्या आरोग्य संस्थेच्या ग्रंथालयात ती होती. पुढे रुग्णालय, मागे प्रयोगशाळा, बाजूला शिकाऊ डॉक्टरांचं वसतिगृह, असा सगळा पसारा. इथल्या डॉक्टरांनी वर्षभरात किती संशोधनाचे पेपर छापले आणि जगभरातल्या डॉक्टरांनी आपापल्या पेपरात त्यांचा दाखला किती वेळा दिला, हे शोधून, जुळवून, तक्ते करून तिने वर पाठवायचं. दाखले जास्त तर संस्थेचा दर्जा वर, आणि दर्जा वर तर सगळ्यांच्या माना ताठ. डॉक्टर मंडळी तिला मोजणीबाई म्हणायची. काम दिसायला सोपं, पण डोक्याला ताप. एकाच डॉक्टरने आपलं नाव चार पेपरांत चार तऱ्हांनी लिहिलेलं असायचं. कातडीच्या विभागातले एक महाशय तर प्रत्येक पेपरात स्वतःचेच आधीचे सगळे पेपर दाखल्याला द्यायचे, म्हणजे आपल्याच पाठीवर आपलीच थाप. ते दाखले ती निवडून बाहेर काढायची, आणि मग महाशय महिनाभर तिच्याशी बोलायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र ती कधी करत नसे. पेपर वाचत नसे. वाचायचाच नसतो हो! मोजणाऱ्याने मोजायचं. हजारो पेपर, कुणी वाचायचे?

तिच्या तक्त्यात सगळ्यात वर दरवर्षी एकच पेपर असायचा, मोठ्या साहेबांचा. साहेब आता संस्थेचे संचालक, पण हा पेपर त्यांच्या तरुणपणचा, ते प्रसूती विभागात नवीन होते तेव्हाचा. वेळेआधी बाळंत होण्याचा धोका असलेल्या बायकांना संपूर्ण विश्रांती, म्हणजे अंथरुणातून उठायचंच नाही, या विषयावरचा. त्याला अकराशेवर दाखले. दुसऱ्या नंबरच्या पेपराला त्याच्या निम्मेही नव्हते. साहेबांच्या खोलीबाहेर तो आकडा चौकटीत लावलेला होता, आणि ती चौकट भिंगरीनेच करून दिली होती.

आणि तिची वहिनी त्याच रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर, संपूर्ण विश्रांतीत पडली होती.

वहिनीचं पहिलं बाळ फार लवकर आलं आणि राहिलं नाही. या खेपेला सातवा लागता लागता पुन्हा तीच लक्षणं दिसायला लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांचं धाबं दणाणलं. दादाचं, म्हणजे भिंगरीच्या भावाचं, तर अन्नावरची वासनाच उडाली. वॉर्डात सहा खाटा, प्रत्येक खाटेचा पायाकडचा भाग लाकडी ठोकळ्यांवर उचललेला. बाथरूमला जायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर वळायचं तेही हळू. पहिल्याच दिवशी वहिनी चवताळली.

"मी काय गुन्हा केलाय? मला घरी न्या. घरी झोपते मी."

दादा हात जोडत होता, आई डोळे पुसत होती, वॉर्डच्या सिस्टर घड्याळ बघत होत्या. तेव्हा भिंगरी पुढे झाली. आपल्या कामाचा जरा तोरा होताच तिला.

"वहिनी, तो भिंतीवरचा तक्ता बघ. विश्रांतीचे नियम. खाली बारीक अक्षरात नाव आहे ना, ते आमच्या मोठ्या साहेबांचं. त्यांच्या पेपरावर हे सगळं चालतं. जगातल्या अकराशे डॉक्टरांनी मानलाय तो! मी स्वतः मोजलेत. अकराशे! तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का?"

वहिनी गप्प झाली. अकराशेंपुढे कोण काय बोलणार? शेजारी, खिडकीजवळच्या खाटेवर एक गोल चेहऱ्याची बाई होती. वॉर्डात तिला खिडकीवालीच म्हणायचे. ती टाळी वाजवल्यासारखं हसली.

"ऐका हो, ऐका! अकराशे लोक काय वेडे आहेत? मी पण जरा कुरकुरत होते. आता नाही. आता मी खिळा ठोकल्यासारखी पडून राहणार बघा."

आणि राहिली ती. सिस्टर इतरांना तिचाच दाखला द्यायच्या, "त्यांच्याकडून शिका जरा." आईने वहिनीच्या खाटेशी स्टूल टाकलं आणि डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. एकूण काय, भिंगरीने मोहीम फत्ते केली होती. संध्याकाळी तिने दादाला कॉफी पाजली आणि वर त्याची खेचली, "एवढा घोडा झालास तरी बायकोला समजावता येत नाही तुला."

मग संस्थेची तपासणी करणाऱ्या समितीचं पत्र आलं. दर काही वर्षांनी ही समिती यायची, आकडे बघायची, जेवायची आणि जायची. या वेळी तिला एक नवीनच हुक्की आली होती. नुसते आकडे नकोत. सगळ्यात जास्त दाखले मिळालेल्या पेपरावर एक पान लिहा: त्यात काय सापडलं, आणि त्यामुळे रुग्णांच्या आयुष्यात काय बदललं.

"लिहा की," साहेबांचे सचिव भिंगरीला म्हणाले. "तुमच्याकडे तर सगळं आहेच."

तिच्याकडे काहीच नव्हतं. पेपर इतका जुना की संगणकावर त्याचं नाव आणि पहिली दोन वाक्यं तेवढी होती. पहिलं वाक्य म्हणत होतं: अशा स्त्रियांना संपूर्ण विश्रांती दिल्याने अकाली प्रसूती टळते असे मानले जाते. दुसरं म्हणत होतं: आम्ही हा उपाय दोनशे स्त्रियांमध्ये पडताळून पाहिला. पुढे तीन टिंबं. त्या तीन टिंबांवर एक पान कसं लिहिणार? म्हणून ती तळघरात गेली. तिथे जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते, आणि कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यातच तिची सकाळ गेली.

खंड सापडला तसा तिने तो उभ्याउभ्याच उघडला. बसायला काही नव्हतं, आणि बसणाऱ्यांतली ती नव्हेच. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग शेवटच्या पानावर गेली, तिथून पुन्हा पहिल्यावर आली.

पेपरात स्पष्ट लिहिलं होतं. निम्म्या बायकांना झोपवून ठेवलं, निम्म्यांना घरी हिंडूफिरू दिलं. बाळं दोन्हीकडे सारखीच आली, काही लवकर, बरीचशी वेळेवर. झोपवून ठेवल्याने काडीचा फायदा दिसला नाही. उलट झोपलेल्यांपैकी दोघींच्या पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, आणि त्यातली एक ती गुठळी फुप्फुसात जाऊन दगावली. शेवटचं वाक्य असं होतं: हा उपाय वापरू नये असे आम्हाला वाटते.

भिंगरीच्या डोक्यात तिडीक गेली. "अरे, काय चाललंय काय!" ती त्या रिकाम्या तळघरात मोठ्याने म्हणाली, आणि खंड काखेत मारून जिने चढत सुटली.

तिसऱ्या मजल्यावर राऊंडच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. तरुण, हुशार, कामाने पिचलेल्या. त्यांनी चालताचालता पान बघितलं.

"इंटरेस्टिंग. पण हा फार जुना आहे हो. नंतरचे कितीतरी पेपर आहेत, सगळे विश्रांतीच्याच बाजूचे. एका जुन्या पेपरावरून मी पेशंटला उठवू? आणि काही झालं तर?"

"पण तुमच्या तक्त्याखाली हाच पेपर आहे!"

"तो मी नाही लावला. मी आले तेव्हा होताच."

खोटं कशाला बोला, भिंगरीलाही क्षणभर वाटलं, असेल बाई, नंतरच्यांनी काही नवीन शोधलं असेल. ती जागेवर परतली आणि आयुष्यात पहिल्यांदा दाखले मोजायच्या ऐवजी वाचायला लागली. हाताला लागेल तो पेपर उघडायचा, साहेबांचं नाव शोधायचं, त्याच्या अलीकडचं वाक्य वाचायचं. विश्रांतीने अकाली प्रसूती टळते, असं वाक्य, आणि पुढे साहेबांचं नाव. दुसरा, तेच. तिसरा साहेबांचं नाव न देता दुसऱ्याचं देत होता, पण तो दुसरा उघडला तर त्याने साहेबांचं दिलेलं. सगळ्या दोऱ्या फिरून फिरून एकाच खुंटीला. आणि सर्वांत पहिला दाखला देणाऱ्याने साहेबांच्या पेपराचा पान क्रमांक चुकीचा छापला होता, खरा क्रमांक वेगळाच होता. तोच चुकीचा क्रमांक पुढच्या शेकडो जणांनी जसाच्या तसा उतरवला होता! म्हणजे कुणी खंड उघडलाच नव्हता. पहिलं वाक्य वाचलं, तीन टिंबं आली, पुढचं आपापल्या मनाने समजून घेतलं. अगदी हातावर मोजण्याइतक्यांनी पेपर खरोखर वाचला होता, त्यांनी बरोबर लिहिलं होतं, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

दुपारचा डबा तसाच राहिला. खुर्चीतून उठ, पाण्याच्या कुलरपाशी जा, पाणी न पिताच परत ये, असं तिचं चाललं होतं. घालमेल एकाच गोष्टीची. वहिनीला उठ म्हणावं का? उठली आणि बाळ लवकर आलं, तर आईला, दादाला आयुष्यभर कुठल्या तोंडाने सामोरी जाणार? आणि नाही म्हटलं, आणि ती गुठळी...

तिने दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तू डॉक्टर आहेस का?" तो म्हणाला.

"नाही रे. पण वाचता येतं मला."

"मग परवापर्यंत अकराशे अकराशे करत होतीस ती कोण होती? भिंगरी, हात जोडतो तुला. एकदा आम्ही स्मशानात जाऊन आलोय. माझ्या बायकोला काही सांगू नकोस." आणि त्याने फोन ठेवला.

त्याचं तरी काय चुकलं? पण ऐकून गप्प बसेल तर ती भिंगरी कसली. ती तडक साहेबांच्या खोलीत घुसली. सचिव "अहो, अहो" करत मागून आले, त्यांच्या तोंडावर तिनेच दार लावलं.

साहेब उंच, पांढऱ्या केसांचे, आवाज कधी न चढवणारे. तिने खंड त्यांच्या पुढ्यात उघडून ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, पानाकडे पाहिलं, आणि त्यांना नवल वाटलं नाही. तिथेच तिला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"बसा ना."

"नाही बसत."

"सुरुवातीला संपादकांना पत्र पाठवलं होतं मी," साहेब म्हणाले. "की लोक उलटा अर्थ लावतायत. त्यांनी ते छापलं नाही. दुसरं पाठवायचं राहून गेलं."

"राहून गेलं?"

"बढती आली. मग विभाग आला, मग ही खुर्ची. प्रत्येक वेळी तो आकडा पुढे असायचा. मी कधी खोटं बोललो नाही, बाई. मला कुणी विचारलंच नाही."

"आणि मूग गिळून बसलात!" तिचा आवाज चढला, आणि मोठ्या साहेबांपुढे चढला याची तिला पर्वाही वाटली नाही. "साहेब, वर तिसऱ्या मजल्यावर सहा बायका उलट्या टांगल्यासारख्या पडल्यात. नियमांच्या तक्त्याखाली तुमचं नाव आहे. त्यातली एक माझी वहिनी आहे."

"आपल्या वॉर्डात?" आता मात्र ते चमकले. "शक्य नाही. मी होतो तेव्हा तर आम्ही हे बंद केलं होतं."

"तुम्ही होतात तेव्हा! शेवटचे कधी गेला होतात वर?"

साहेबांनी खंड मिटला आणि त्यावर हात ठेवून बसले.

"उद्या समिती येतेय," ते म्हणाले. "ती जाऊ दे. मग मी स्वतः यात लक्ष घालतो. शब्द देतो."

"उद्याच्या उद्या?"

"नंतर. नीट. पद्धतशीर."

नंतर! ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. वॉर्डात डबा द्यायला गेली तर वहिनीने तिचा हात घट्ट धरला.

"भिंगरे, मला फार कंटाळा आलाय गं. पाय माझे नाहीतच असं वाटतं."

आई तिथेच बसलेली. भिंगरीने तोंड उघडलं, आईकडे बघितलं, आणि मिटलं. "सूप गरम आहे तोवर घे," एवढंच म्हणाली. स्वतःची तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती. खिडकीवाली पलीकडून म्हणाली, "आमचे पण पाय जडच झालेत हो. पण चालायचंच. माझी पोटरी तर दगड झालीय, हात लावू देत नाही." आणि हसली. भिंगरीचं डोकं वहिनीत होतं. तिने मान हलवली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी समिती आली. सभागृहात पडद्यावर तक्ते झळकले. किती पेपर, किती दाखले, गेल्या वेळेपेक्षा किती वाढ. भिंगरी दाखवत होती, माना डोलत होत्या. समितीत एक वयस्क बाई होत्या, त्यांनी पेन्सिल वर केली.

"ते एक पान कुठे आहे? पहिल्या क्रमांकाच्या पेपरावरचं?"

पान नव्हतं. रात्री तीनदा लिहायला घेऊन तिने तीनदा फाडलं होतं. तिने साहेबांकडे बघितलं. सगळ्यांनीच साहेबांकडे बघितलं. साहेबांनी पडद्यावरचा तो अकराशेचा आकडा बराच वेळ पाहिला, जणू पहिल्यांदाच बघताहेत, आणि म्हणाले, "आपण आधी चहा घेऊ."

चहा आला आणि साहेब गायब. सचिव कॉरिडॉरभर शोधत सुटले. भिंगरीने हातातला कप तसाच खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि जिन्याकडे धावली. बस्स झालं. आई काय म्हणायचं ते म्हणू दे, दादा जन्मभर बोलला नाही तरी चालेल, आज वहिनीला सांगायचंच.

वॉर्डात शिरली तर साहेब तिथे. भिंतीवरच्या तक्त्यापुढे उभे, चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ तक्त्याला टेकलेलं. स्वतःचंच नाव वाचत होते. सिस्टर बाजूला अवघडून उभ्या होत्या, संचालक असे न सांगता येतात कुठे?

"हे किती वर्षं इथे आहे?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून आहे, सर."

"पहिल्यापासून नाही." ते वळले, भिंगरी दिसली. "यातली तुमची वहिनी कोण?"

तिने बोट दाखवलं. साहेबांनी कोट काढून स्टुलावर टाकला, हात धुऊन आले, आणि संचालकाचे पुन्हा डॉक्टर झाले. आई आडवी झाली.

"डॉक्टर, तिला उठवू नका हो. आमचं एक गेलंय."

"आजी, विश्रांतीचा तो पेपर मी लिहिलाय." आवाज हळूच होता, पण वॉर्डात सगळ्यांना ऐकू गेला. "झोपवून ठेवा असं मी लिहिलंच नव्हतं. झोपवून ठेवू नका असं लिहिलं होतं. लोकांनी उलटं घेतलं, आणि मी बोललो नाही. चूक माझी आहे."

आईचा हात हळूहळू खाली आला. साहेबांनी तपासलं, पोट, मग पाय. पोटरी दाबून बघितली. "ठीक आहेत पाय. इतके दिवस झोपल्याच्या मानाने चांगलेच मजबूत आहेत."

वहिनी कानापर्यंत लाल झाली. "डॉक्टर, एक सांगू? मी चोरून उठायचे. आई बाहेर गेल्या की. खिडकीपर्यंत जायचे आणि यायचे."

"काय?" आई किंचाळलीच. "मी इथे जीव मुठीत धरून बसलेय, आणि ही बया माझ्या मागे फेऱ्या मारतेय!"

साहेब हसले. "बरं केलंत. आता चोरून नको, धरून चाला." आणि त्यांनी हात पुढे केला. वहिनी बसली, पाय खाली सोडले, उभी राहिली. भिंगरीच्या डोळ्यांना धार लागली. झालं, तिला वाटलं. सुटलो. तिने वहिनीला मिठी मारली आणि फोन काढला, दादाला कळवायला.

"आणि मी?" खिडकीवाली म्हणाली.

तेव्हा भिंगरीने वॉर्डाकडे नीट बघितलं. पाचही खाटांवरच्या पाचही बायका कोपरावर उठून बघत होत्या. त्यांचा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

"येतो ना," साहेब म्हणाले. "तुमच्याकडेच येतो आता."

त्यांनी चादर बाजूला केली. डावी पोटरी उजवीच्या दीडपट झाली होती, ताणलेली, चकाकणारी. साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी बोट टेकवलं, खिडकीवालीने ओठ चावला.

"किती दिवस दुखतंय?"

"झाले काही दिवस. पडून राहिलं की गोळे येतातच, असं सिस्टर म्हणाल्या."

"श्वासाला त्रास?"

"आज सकाळपासून जरा धाप लागते. पण मी काही हलतबिलत नाही हं."

"सिस्टर, ट्रॉली," साहेब म्हणाले. आवाज तसाच, पण शब्द भराभर. "ऑक्सिजन लावा. सोनोग्राफीला सांगा, आत्ता, मी आणतोय म्हणावं. रक्त पातळ करायचं इंजेक्शन भरून ठेवा. यांना उठवायचं नाही, उचलून घ्यायचं."

वॉर्डात एकदम पळापळ झाली. ट्रॉली आली. भिंगरीनेही चादरीचं एक टोक धरलं. तिच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला, सभागृहातून असणार, वाजू दे. खिडकीवालीने मास्कखालून तिची बाही पकडली.

"ताई, मी एकदाही उठले नाही हो. तुमची वहिनी उठायची, मला दिसायचं. मी तिला म्हणायचे, अगं, अकराशे लोकांनी सांगितलंय." तिला धाप लागली, ती थांबली. "अकराशेच म्हणाला होतात ना?"

"हो," भिंगरी म्हणाली. "पण वाचला नव्हता कुणी."

खिडकीवालीला ते नीट कळलं नाही. ती तिच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही तर वाचला असेल ना?"

साहेब ट्रॉली ओढत होते, चाकं दाराच्या उंबऱ्यावरून खडखडली. भिंगरी बाजूने धावत होती, एक हात दांडीवर, एक हात त्या बाईच्या हातात.

"नाही," ती म्हणाली. "मीही नाही."

खिडकीवालीने तिचा हात सोडला नाही. लिफ्ट वरच्या मजल्यावर होती, आणि ती खाली येईपर्यंत सगळे तिथे उभे राहिले.